दिवाळीचे उटणे आणि सुगंधी तेल : वास टिकत नाही, ओल धरते, नेमके काय चुकते आहे?

मोरपिशी

नमस्कार. पितृपक्ष सुरू आहे, म्हणजे नरकचतुर्दशीला अजून पाचएक आठवडे आहेत. गेल्या वर्षीची फजिती पुन्हा होऊ नये म्हणून या वेळी वेळेत विचारते आहे.

आमच्याकडे उटणे सासूबाई करत असत. त्या गेल्यानंतर त्यांची वही हाती आली, पण तिच्यात फक्त जिन्नसांची नावे आहेत आणि खाली "अंदाजाने" एवढाच शेरा आहे. नावे अशी : मसुरीचे पीठ, मुलतानी माती, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गव्हला, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल, गुलाबपाकळी, चंदन, बावची. गेल्या वर्षी मी हे सगळे आणून, मिक्सरमधून काढून साधारण दोन किलो उटणे केले आणि वीस घरी डब्यांतून दिले. त्याच उत्साहात तिळाच्या तेलात ताज्या गुलाबाच्या पाकळ्या आणि जाईची फुले घालून बाटल्या आठवडाभर उन्हात ठेवल्या, आणि घरी काढलेल्या गुलाबपाण्यात खोबरेल व मेण फेटून अंगाला लावायचे एक क्रीमही केले.

परिणाम सांगते. उटण्याचा वास केल्या दिवशी घरभर होता, पण पंधरा दिवसांनी डबा उघडला तेव्हा पिठाशिवाय दुसरा वास येत नव्हता. तीन घरांतून उटण्याच्या गुठळ्या झाल्याचे कळले आणि एका डब्यात चक्क जाळी धरली होती. तेलाला वरून आंबूस वास येऊ लागला. क्रीमवर तिसऱ्या आठवड्यात काळे ठिपके उमटले. वास कमी वाटला म्हणून उरलेल्या उटण्यात मी बाजारातून आणलेला चंदनाचा इसेन्स टाकला होता. ते लावल्यावर माझ्या भाच्याच्या मानेवर लाल चट्टे उठले. त्यानंतर मला कोणालाही काही द्यायची भीतीच वाटू लागली आहे.

मला प्रमाण हवेच आहे, पण त्याहून अधिक, यातली प्रत्येक गोष्ट का बिघडली ते समजून घ्यायचे आहे. या वर्षी साबणही घरी करावा असे मनात आहे. तो पाच आठवड्यांत होऊ शकतो का, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

खडू आणि फळा

मी रसायनशास्त्र शिकवत असे आणि निवृत्तीनंतर हाच उद्योग करतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आपल्या चार अपयशांपैकी तीन एकाच कारणाने झालेली आहेत आणि ते कारण म्हणजे पाणी. गुठळ्या, आंबूस तेल आणि क्रीमवरची बुरशी ही पाण्याची तीन रूपे आहेत. वास उडणे तेवढे वेगळे आहे.

उटण्यापासून सुरुवात करू. आपण आणलेल्या जिन्नसांत वाळा आणि नागरमोथा ही मुळे-कंद आहेत, कपूरकाचरी आणि कचोराही आल्याच्या कुळातील कंद आहेत, आणि यांचा वास ज्या तेलांमुळे येतो ती तुलनेने जड, सावकाश उडणारी असतात. म्हणूनच वाळ्याचा पडदा वर्षानुवर्षे ओला केला तरी वास देत राहतो. याउलट संत्र्याच्या सालीतील वासाचा मोठा भाग लिमोनीन या हलक्या द्रव्याचा असतो, ते सहज उडते आणि हवेशी संयोग पावून त्याचा वासही बदलतो. मिक्सर सलग फिरवला की भांडे तापते आणि जे वास घरभर पसरले असे आपण म्हणता, ते डब्यात राहायला हवे होते. घरभर दरवळ हीच खरे तर गळतीची खूण होती. कंद आधी खलबत्त्यात ठेचून घ्यावेत, मिक्सर दहा-दहा सेकंद थांबत थांबत फिरवावा, मधे भांडे निवू द्यावे, आणि नागरमोथ्याचे तंतू मागे राहतील इतक्या बारीक, शक्यतो वस्त्रगाळ, चाळणीतून काढावे. राहिलेला चोथा फेकू नये, वाळवून ठेवावा.

सुगंधी जिन्नस सावलीत वाळवायचे आणि पीठ ज्या डाळीचे करायचे ती डाळ मात्र कडक उन्हात, हा फरक बहुतेक जण करत नाहीत. आपल्या डब्यात जाळी धरली ती पिठामुळे. वाळ्याला किंवा कपूरकाचरीला कीड सहसा लागत नाही, डाळीच्या पिठाला हमखास लागते. त्यामुळे माझ्या घरी मी दोन वेगळे डबे ठेवतो. एकात फक्त वस्त्रगाळ सुगंधी पूड, काचेच्या बरणीत, काठोकाठ भरलेली आणि अंधारात. दुसऱ्यात मसुरीचे पीठ आणि मुलतानी माती. दोन्ही एकत्र करायचे ते देण्याच्या चार दिवस आधी. पूड महिनाभर आधी तयार असली तरी चालते, उलट मुरल्यावर निरनिराळे वास एकमेकांत मिसळून एकजीव होतात. पीठ मात्र ताजेच हवे.

प्रमाण विचारले आहे तर माझे सांगतो, ते शास्त्र नव्हे, सवय आहे. मसुरीचे पीठ ५०० ग्रॅम, मुलतानी माती १००, संत्र्याच्या सालीची पूड ७५, वाळा, नागरमोथा आणि कपूरकाचरी प्रत्येकी ५०, सुकी गुलाबपाकळी ५०, गव्हला आणि कचोरा प्रत्येकी २५, आंबेहळद २५. गव्हला-कचोरा असे दुकानात एका दमात म्हटले जाते म्हणून पुष्कळांना तो एकच जिन्नस वाटतो. ते दोन आहेत आणि दोन पुड्या मागून घ्याव्यात. थंडीत ज्यांची त्वचा तडकते त्यांच्यासाठी मुलतानी माती निम्मी करावी. बेसनापेक्षा मसूर बरी वाटते ती स्पर्शासाठी. बेसन ओले झाले की चिकटते आणि मोरीच्या जाळीवर जमून बसते, हे ज्याने जाळी साफ केली आहे तोच जाणतो.

चंदनाबद्दल कटू सत्य सांगायला हवे. चंदनाचा सुगंध झाडाच्या गाभ्यातल्या लाकडात असतो, तो तयार व्हायला झाडाला कित्येक वर्षे लागतात, आणि म्हणून खरे चंदन महागच असते. स्वस्तात मिळणारी "चंदन पावडर" ही बहुधा कुठल्या तरी लाकडाची पूड आणि वरून मारलेला वास असते. दोन किलो उटण्यात वास जाणवावा इतके खरे चंदन घालणे परवडणारे नाही. त्यापेक्षा खोडाचा एक लहान तुकडा घेऊन अभ्यंगाच्या सकाळी सहाणेवर उगाळावा आणि वाटीतल्या उटण्यात ते गंध मिसळावे. पाण्याबरोबर उगाळलेले चंदन साठवायचे नसते, लावायचे असते.

आता तेल आणि क्रीम. ताज्या पाकळीत पाणीच अधिक असते. ती तेलात घातली की ते पाणी तळाशी उतरते आणि तेल-पाण्याच्या सीमेवर जिवाणू-बुरशी आरामात वाढतात. शिवाय बाटली उन्हात ठेवल्याने तेल लवकर खवट होते. क्रीमची गोष्ट तर अधिकच अवघड. ज्या पदार्थात पाणी आणि तेल दोन्ही आहेत त्याला परिरक्षक द्रव्य (प्रिझर्व्हेटिव्ह) लागतेच, त्याला घरगुती पर्याय नाही. "ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घाला म्हणजे टिकेल" हा सल्ला सर्वत्र फिरतो. ई जीवनसत्त्व तेल खवट होण्याचा वेग कमी करते, बुरशीला ते अजिबात रोखत नाही. फिनॉक्सिएथेनॉलसारखे परिरक्षक एक टक्क्याच्या आत वापरतात, पण त्यासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा काटा, निर्जंतुक भांडी आणि सामू (pH) तपासण्याच्या पट्ट्या हव्यात. एवढे करायचे नसेल तर क्रीम करू नये. पाणी नसलेला मलम करावा. मेण एक भाग आणि तेल चार भाग, मंद आचेवर गरम पाण्यात भांडे ठेवून वितळवले की महिनोन्महिने टिकणारा मलम होतो, फक्त त्यात ओले बोट घालू नये.

साबण पाच आठवड्यांत काठावर बसतो. थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता केलेला, साबण तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून करतात आणि त्याला मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. हिशेब असा असतो : खोबरेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ०.१८३ ग्रॅम आणि तिळाच्या तेलाला सुमारे ०.१३४ ग्रॅम सोडा लागतो. म्हणजे ३०० ग्रॅम खोबरेल आणि २०० ग्रॅम तिळाचे तेल घेतले तर जवळजवळ ८२ ग्रॅम सोडा येतो, त्यातून पाच टक्के कमी करून ७७ ग्रॅमच घ्यायचा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहून कातडी ओढली जात नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही. आणि हे मी अधोरेखित करून सांगतो : ॲल्युमिनियमचे पातेले चुकूनही वापरू नये, कारण सोडा त्याला खातो आणि हायड्रोजन वायू निघतो. स्टील किंवा जाड प्लास्टिकचे भांडे, हातमोजे, डोळ्यांवर चश्मा, उघडी खिडकी, आणि घरात लहान मूल जागे असताना हा प्रयोग नाही. पहिलाच साबण भेट म्हणून देण्याच्या मी विरोधात आहे. जाता जाता एक गंमत : उटण्याच्या सवयीने साबणात हळद घातलीत तर ती पिवळी न राहता लालसर होते, कारण साबण अल्कधर्मी असतो. हळदीचे कुंकू होते ते याच गुणामुळे. गुलाबपाकळ्या मात्र साबणात तपकिरी पडतात आणि भिजलेल्या चहापत्तीसारख्या दिसतात, तेव्हा तो मोह टाळावा.

ओवळांची माळ

मूळची वेंगुर्ल्याकडची आणि आता पणजीत राहणारी असल्यामुळे मला या धाग्यात फुलांची बाजू मांडावीशी वाटते. वरच्या प्रतिसादात गुरुजींनी मुळांचे सांगितले ते अगदी खरे, पण सगळी फुले वाळली की निर्गंध होतात असा समज होऊ नये.

मोगरा, जाई, सोनचाफा, प्राजक्त ही वाळली की संपली. वहीत ठेवलेल्या सोनचाफ्यात आठवण राहते, वास राहत नाही. बकुळ मात्र वाळल्यावरही कितीतरी दिवस दरवळते. आमच्याकडे तिला ओवळ म्हणतात, आणि ओवळांची वाळलेली माळ कपाटातल्या साड्यांत ठेवायची रीत आहे. दुसरे फूल सुरंगीचे. ते फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला येते, मधमाश्या झुंबड करण्याआधी पहाटे खुडावे लागते, आणि त्याच्या वाळवलेल्या कळ्यांना आमच्या भागात चांगला भाव मिळतो, कारण वाळूनही त्यांचा वास जात नाही. दिवाळीला सुरंगी ताजी मिळणार नाही, पण उन्हाळ्यात कळ्या वाळवून ठेवल्या तर त्या वर्षाच्या उटण्यात घालता येतात. देशावरच्यांसाठी दवणा आणि मरवा आहेच. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा वाळल्यावर अधिकच गोड वासाचा होतो.

आता मोरपिशी ताई, तुमच्या जाईच्या तेलाबद्दल. जाईचे फूल खुडल्यानंतरही कित्येक तास सुगंध सोडत राहते, गुलाब तसे करत नाही. म्हणून गुलाबाचा वास पूर्वीपासून वाफेने काढत आले आणि चमेलीचे तेल मात्र तिळावर काढत आले. पद्धत अशी की सोललेले तीळ पसरायचे, त्यांवर संध्याकाळी उमलायच्या बेतातल्या कळ्यांचा थर द्यायचा, सकाळी फुले चाळून काढायची, तीळ सावलीत कोरडे करायचे आणि संध्याकाळी पुन्हा ताजी फुले. असे आठ-दहा दिवस केल्यावर तिळांनी वास पिऊन घेतलेला असतो. मग तीळ घाण्यावर न्यायचे. यात ताजे फूल तेलाला शिवतच नाही, त्यामुळे पाण्याचा प्रश्न येत नाही. हल्ली शहरांत लाकडी घाण्याची दुकाने पुष्कळ झाली आहेत. दोन-तीन किलो तीळ वेगळे गाळून द्याल का असे आधी विचारून ठेवावे, कारण वासाचे तीळ म्हटल्यावर काही जण घाणा धुवावा लागेल म्हणून नाही म्हणतात. मला दोघांनी नकार दिला, तिसऱ्याने दुकान बंद करण्याच्या वेळी या म्हणून सांगितले.

हे जमणार नसेल तर सुकी बकुळ किंवा ठेचलेला सुका वाळा कोमट तेलात घालून, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून दोन-तीन तास मंद ऊब द्यावी आणि गाळून घ्यावे. वास सौम्य येतो. दुकानातल्या बाटलीसारखा तो घमघमणार नाही, आणि ती अपेक्षा सोडली की पुष्कळ चुका आपोआप टळतात.

मलमासाठी मेणाऐवजी एक सुचवते : भिरंडेल. भिरंड म्हणजे कोकम, त्याच्या बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारी चरबी काढतात आणि थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. ती साधारण ४० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे खोबरेल जिथे मुंबईच्या ऑक्टोबरात पाणी होऊन बसते तिथे भिरंडेल घट्ट राहते आणि तरीही त्वचेवर चोळले की विरघळते. दोन भाग भिरंडेल आणि एक भाग वाळ्याचे ते सौम्य तेल एवढ्यावर माझा मलम होतो. उटण्याच्या डब्यांपेक्षा तो लोकांना जास्त आवडतो, असा माझा पाच-सहा दिवाळ्यांचा अनुभव आहे.

आणखी एक. परदेशातल्या चित्रफिती बघून बाथ बॉम्ब करू पाहणाऱ्यांना मी नेहमी विचारते की तुमच्याकडे टब आहे का. वीस लिटरच्या बादलीत तो टाकून काय साधणार? त्याऐवजी गुरुजींनी जो चोथा ठेवायला सांगितला आहे, तो मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कढत पाण्याच्या बादलीत आधी दहा मिनिटे सोडावा. माठात वाळा टाकतो तसेच हे. पुरचुंडी वाळवून तीन-चार वेळा वापरता येते.

खलबत्ता

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो आणि काही वर्षे काष्ठौषधींच्या (वनस्पतींपासूनच्या औषधी जिन्नसांच्या) खरेदी-तपासणीचे काम केले, म्हणून फक्त त्वचेच्या बाजूने लिहितो.

आपल्या सासूबाईंच्या यादीतले शेवटचे नाव, बावची, काढून टाका. बावचीच्या बियांत सोरालेन वर्गाची द्रव्ये असतात, ती त्वचेवर असताना ऊन लागले की लालसरपणा, जळजळ, कधी फोड आणि नंतर काळे डाग येऊ शकतात. पांढऱ्या डागांच्या उपचारात याच गुणाचा उपयोग वैद्यकीय देखरेखीखाली करतात. पहाटे अभ्यंग करून अंग स्वच्छ धुतले तर त्रास होण्याची शक्यता कमी, पण आपण उटणे वीस घरी देणार आणि कोण ते दुपारी चेहऱ्यावर लावून उन्हात फिरेल हे आपल्या हातात नाही. त्याच कारणासाठी लिंबाच्या सालीपासून थंड पद्धतीने काढलेले तेल अंगावर राहणाऱ्या तेलात किंवा मलमात जपून वापरावे लागते. सुक्या गोड संत्र्याच्या सालीचे तेवढे भय नाही.

भाच्याच्या मानेवरचे चट्टे इसेन्समुळे उठले असण्याची शक्यता मोठी आहे. बाजारात चंदन, मोगरा, गुलाब या नावांनी मिळणारी सुवासिक द्रव्ये निरनिराळ्या कामांसाठी बनवलेली असतात : काही खाण्याची, काही अगरबत्तीची, काही फरशी पुसायच्या द्रवाची. बाटलीवर वापर लिहिलेला नसेल आणि सुटे ओतून दिलेले असेल तर ते अंगाला लावण्यासाठी नाही असेच धरून चालावे. त्वचेवर चालणारे सुगंधद्रव्य घेतले तरी अंगावर राहणाऱ्या तेलात ते एक टक्क्यापर्यंतच ठेवावे. शंभर मिलिलिटरला एक मिलिलिटर, म्हणजे साधारण २० थेंब. दालचिनी आणि लवंगेची तेले याहूनही बरीच कमी, किंवा अजिबात नको. शुद्ध आहे म्हणून सौम्य आहे असे मुळीच नसते. दोन वर्षांखालील मूल असलेल्या घरी द्यायच्या डब्यात कापूर घालू नये. तो पोटात गेला किंवा जास्त प्रमाणात अंगावाटे शोषला गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाला उटण्याची गरजच नाही, तेल आणि कोमट पाणी पुरे.

देण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि दोन दिवस थांबावे. चट्टे लगेच उठतात असे नाही, ॲलर्जीची प्रतिक्रिया बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दिसते, आणि दहा मिनिटांची चाचणी करून "काही झाले नाही" म्हणणे व्यर्थ आहे.

जाता जाता तेलाविषयी. ओल्या जिन्नसांचे तेल करूच नये असे नाही, पण मग ते उन्हात मुरवायचे नसते, सिद्ध करायचे असते. आयुर्वेदात वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग आणि द्रव सोळा भाग असे मूळ प्रमाण आहे, आणि सगळे पाणी आटेपर्यंत ते मंद आचेवर ठेवतात. पाणी संपल्याची परीक्षा सोपी आहे : तळाच्या कल्काची वळी करून ती ज्योतीत धरली तर तडतडता कामा नये. माका, ब्राह्मी, जास्वंद यांचे तेल असेच होते. सुगंधासाठी मात्र ही रीत निरुपयोगी, कारण एवढ्या उकळण्यात वास उडून जातो. औषधी तेल आणि सुवासिक तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बहुधा त्या एका बाटलीत शोधत होता.

मोरपिशी

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल तिघांचेही मनापासून आभार. बावचीचे वाचून काळजात चर्र झाले, कारण मी तिचे प्रमाण उलट वाढवले होते. या वर्षी क्रीम आणि साबण दोन्ही रद्द; कोरडे उटणे, वाळ्याचे थोडे तेल आणि, मिळाले तर, भिरंडेलाचा मलम एवढेच करते.

दोन शंका राहिल्या. गुलाबपाणी घरी काढायचेच नाही का? आमच्या गच्चीत गावठी गुलाबाची तीन झाडे आहेत आणि उटणे भिजवायला ते पाणी सर्वांना आवडते. दुसरी शंका अशी की ओळखीच्या एक-दोघींनी या वर्षी पैसे देऊन डबे मागितले आहेत. दहा-वीस डबे विकायला काही अडचण आहे का?

खडू आणि फळा

गुलाबपाणी जरूर काढा, फक्त ते साठवणीचा पदार्थ समजू नका. पसरट पातेल्यात मधोमध उलटी वाटी, तिच्यावर दुसरी सुलटी वाटी, भोवती पाकळ्या आणि त्या बुडतील इतके पाणी, वर झाकण उलटे ठेवून त्यावर बर्फ, अशी रचना केली की वाफ झाकणाला लागून थेंब वाटीत पडतात. कन्नौजचे अत्तरवाले देग-भपक्यात, म्हणजे उकळायचे भांडे आणि वाफ गोळा करायचे भांडे यांच्या जोडीत, जे करतात त्याचेच हे खेळणे. आच मंद ठेवा आणि पहिले वाटीभर पाणी आले की थांबा, पुढचे येते ते जवळजवळ साधे पाणी असते. उकळलेल्या कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठ-दहा दिवसांत संपवा. उटण्याच्या डब्याबरोबर कोणाला ते द्यायचे असेल तर आदल्या दिवशी द्या आणि तारीख लिहा. उटणे दुधात किंवा गुलाबपाण्यात भिजवायचे ते हातात घेण्यापूर्वी पाच मिनिटे, वाटीत. डब्यात ओला चमचा गेला की गेल्या वर्षीचे सगळे पुन्हा सुरू होईल.

खलबत्ता

विकण्याचे उत्तर रुक्ष आहे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने तयार करायला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, आता त्याचे तपशील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत आहेत, आणि महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे येते. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचे तर त्याची परवानगी वेगळी. डबे दहा आहेत की हजार, यावर परवाना लागणे न लागणे अवलंबून नाही. ओळखीच्या मैत्रिणींना या वर्षी भेट म्हणूनच द्यावे आणि डब्यावर सर्व जिन्नस व केल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, कारण कोणाला कशाची ॲलर्जी आहे हे त्यांनाच ठाऊक असते.

ओवळांची माळ

मोरपिशी ताई, भिरंडेल घेताना एक पाहा : ताजे फिकट पिवळसर-पांढरे असते आणि त्याला जवळजवळ वास नसतो. खवट वास येत असेल तर मागच्याच्या मागच्या हंगामाचे असेल, परत करा. आणि संत्र्याची साल आत्तापासून वाळत घालू लागा. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढला तर ती दोन दिवस लवकर वाळते आणि पूडही पिठूळ न होता सुवासिक होते.

मोरपिशी

आजच कामाला लागते. डाळ उन्हात घातली आहे, वाळा आणि नागरमोथा घरातल्या पंख्याखाली पसरला आहे, आणि वहीतल्या "अंदाजाने" या शब्दापुढे गुरुजींची प्रमाणे पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. बावचीवर काट मारली.